करवंदीच्या जाळीपाशी

पन्हाळ्याला येणारा माणूस पहिल्या दिवशी तटबंदी बघतो, धान्याची कोठारं बघतो, घोड्यावर बसून फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी विचारायला लागतो, की जिथं कोणी जात नाही असं काही आहे का. माझ्या मुलाचा धंदा या प्रश्नावर चालतो. गड मागं टाकून मसाई पठाराकडे जी वाट जाते, तिच्यावर आमची वस्ती आहे. घराच्या मागं त्यानं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. सून त्यांच्यासाठी चुलीवर भाकरी करते, कारण त्यांना गॅसवरची चालत नाही. घरात गॅस आहे. आम्ही गॅसवरचीच खातो.

मुलगा पाहुण्यांना घेऊन हिंडतो. पहिल्यांदा दाखवतो ते कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पाणी हिरवं, थंड, वर उंबर वाकलेला. पाहुणे बघून गप्प होतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नळ येईपर्यंत त्या टाक्याचं पाणी भरलं. पायऱ्या झिजलेल्या आणि शेवाळलेल्या. माझी चुलत जाऊ दोन घागरी घेऊन त्या पायऱ्यांवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती कधी सरळ चालली नाही. पाहुणे त्याच पायरीवर बसून पाण्यात पाय सोडतात.

मग कडा. पावसाळ्यात तिथं ढग खालून वर येतात, अंगावरून जातात. बघण्यासारखं असतं, मी नाही म्हणत नाही. आमची गाभण म्हैस त्या ढगात कडा न दिसल्यामुळं खाली गेली. खालून तिचं ओरडणं संध्याकाळपर्यंत ऐकू येत होतं. उतरायला वाट नव्हती. त्यानंतर आम्ही वर्षभर दूध विकत घेतलं.

भादव्यात पठारावर पिवळी फुलं येतात. ती चांगली दिसतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

यापुढचं ठिकाण म्हणजे आमचा माळ. आमच्या जमिनीचं ते शेवटचं टोक. पेरायला कधी उपयोगी पडलं नाही, टीचभर माती आणि खाली जांभा दगड. कडेला करवंदीच्या जाळ्या. तिथून सूर्य मावळताना थेट दिसतो आणि खालची वस्ती दिसत नाही, म्हणून पाहुण्यांना वाटतं आपण जगाच्या टोकाला आलो. मुलानं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. तिकडं गुरं घालायची नाहीत, पोरांनी खेळायला जायचं नाही आणि बायकांनी तर जायचंच नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

वस्तीतली तान्ही पोरं तिथं पुरलेली आहेत.

मोठ्या माणसाला जाळतात. दात न आलेल्या पोराला पुरतात. खड्ड्यात मीठ घालायचं, वर माती, मातीवर दगड आणि दगडावर बोरीची काटेरी फांदी, म्हणजे कोल्ह्यानं उकरू नये. दिवस नाही, तेरावा नाही, वर्षश्राद्ध नाही. बापानं आणि चुलत्यानं न्यायचं, मागं वळून न बघता यायचं, अंघोळ करायची आणि कामाला लागायचं. आई बाळंतिणीच्या खोलीतच असते. तिला कुठं ठेवलं ते कोणी सांगत नाही आणि तिनं विचारायचं नसतं.

माझी पहिली मुलगी तशी गेली. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. नाव ठेवायचं राहिलं, म्हणून इथं लिहायलाही नाव नाही. श्रावणातला पाऊस इतका होता की दुपारीच घरात दिवा लावला होता. नवरा आणि धाकटा दीर तिला चादरीत गुंडाळून घेऊन गेले. सासूनं माझी छाती फडक्यानं घट्ट बांधली, दूध आटावं म्हणून. दोघं माघारी आले तेव्हा त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल होता. 

मी विचारायचं नसतं ते विचारलं. नवरा उठून गोठ्यात गेला. सासू म्हणाली, "त्यो म्हणतोय, करवंदीच्या जाळीपाशी ठिवलीया. आता गप ऱ्हा." मी गप राहिले. पण सासू गेल्यावर मला कोणी अडवणारं उरलं नाही, तेव्हा मी माळावर जायला लागले. करवंदीच्या जाळीपाशी एक चपटा दगड होता. तोच आपला, असं मी ठरवलं. तिथं जाऊन मी रडत वगैरे नसे. फांदी वाऱ्यानं उडाली असेल तर नवी ठेवायची आणि यायचं.

मुलगा खोल्या बांधायला निघाला तेव्हा त्याला संडासाची टाकी माळाच्या बाजूला खोदायची होती. उतार तिकडं, पाणी आपोआप जाईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला माळाकडं कुदळ लावू दिली नाही. कारण सांगितलं नाही, भांडण केलं. शेवटी मीच जागा दाखवली: गोठ्याच्या मागं, शेवग्याच्या बुडाला. तिथं माती मऊ होती. शेवगा तोडावा लागला. नवरा जिवंत असता तर त्यानं तो तोडू दिला नसता. त्या झाडाची एक शेंग तो कधी खायचा नाही. आमटीत दिसली तर ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. पण झाड वादळात मोडलं की फांदीला टेकू द्यायला पहिला तोच. मी म्हणायची, "खायचं न्हाय आणि तोडू बी द्यायचं न्हाय. झाडाशी लगीन लागलंय काय तुमचं?" विचित्र माणूस, म्हणून मी सोडून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी माळावर गेले तर पाहुण्यांची टोळी होती. दोन मुली खाली बसून दगडावर दगड रचत होत्या. मोठा खाली, मग लहान, मग त्याहून लहान. असे मनोरे माळभर उभे होते. बोरीच्या फांद्या एका बाजूला ढीग करून टाकल्या होत्या.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"बॅलन्स करतोय, आजी. मन शांत होतं. तुम्ही पण करून बघा ना."

"दगड होते तिथं ठिवा."

त्यातली एक हसली. "तुमचे आहेत का?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी ठेवले, पण कुठून उचलले होते ते त्यांना थोडंच आठवत होतं. माझा चपटा दगड एका मनोऱ्याच्या तळाशी सापडला. जागा कुठली ते मलाही नक्की सांगता येईना.

रात्रीच्या जेवणाआधीच मुलगा ओसरीवर येऊन उभा राहिला. "आई, पावण्यास्नी काय बोललीस तू? ती पोरगी रडाय लागलीया."

"रडू दे. लहान हाय."

"असलं करू नको. तिथंच आता तंबू घालायचं ठरलंय माझं. पल्याडच्या वस्तीत सगळ्यांनी घातल्यात. पावणा हितं जेवतोय आनि झोपायला तिकडं जातोय. सोमवारी जेसीबी येतोय, दगड काढून सगळं सरळ करतोय."

मग मी सांगितलं. तिथं पोरं पुरलेली आहेत हे त्याला ऐकून ठाऊक होतं. आपली बहीण तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. तो खाली बसला. सून भाकरी थापायची थांबली.

"कवा झालं ह्ये?"

"तुझ्या आधी."

"मला कोण बोललं न्हाय ते."

"बोलायचं नसतंय."

तो बराच वेळ नखानं ओसरीची फरशी खरवडत बसला. माझा मुलगा वाईट नाही. त्यानं विचार केला आणि त्याला जे बरोबर वाटलं ते बोलला. "कुठला दगड ते दाव. तेवढ्याला कुंपण घालतो, चांगला कट्टा बांधतो, रोज दिवा लाव तू. बाकीचं मी काढणार."

"बाकीची पोरं कुणाची न्हायत व्हय?"

"कोण येतंय इचारायला? वस्तीतल्या एका बाईनं तरी आजवर तोंड उघडलंय? तूच आज उघडलंस."

ते खरं होतं. 

दुसऱ्या दिवशी मी चुलत जावेकडं गेले. ती दारात खुर्ची टाकून बसलेली असते, खुब्यामुळं तिला जमिनीवर बसता येत नाही. तिची दोन तिथं आहेत.

"जेसीबी येणार म्हणं," तिनंच काढलं.

"व्हय. तुझी कुठल्या अंगाला हायत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. "मला काय ठावं. आपल्यास्नी न्हेलतं व्हय कधी?"

"मग बोल की माझ्या पोराला. काढू नको म्हणावं. दोघी बोललो तर ऐकंल."

"आनि माझ्या ल्योकाची जीप? ती कुणावर चालतीया? तुझ्याच पावण्यांवर. मी बोललो तर सून मला च्या सुदिक देणार न्हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझं बरं हाय. तुला सांगणारा एक जित्ता हाय अजून. जा, इचार त्या भैऱ्याला. मोठ्यानं इचार, न्हायतर फुटबॉलचा निकाल सांगंल."

भैरा म्हणजे माझा धाकटा दीर. आयुष्यभर कोल्हापुरात लोखंड ओतायच्या कारखान्यात होता, त्या आवाजात कान गेले. आता शिवाजी पेठेत लेकीकडं असतो. मी सुनेला म्हटलं, "मी भावजींना भेटून येतो," आणि सकाळची एसटी धरली.

गल्लीत दोरीला झेंडे लावलेले होते, कुठल्यातरी तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच होती. पोरं दुकानाच्या बंद शटरवर चेंडू मारत होती आणि प्रत्येक फटक्याला सगळी गल्ली वाजत होती. दीर खाटेवर पाय पसरून बसला होता. पाय सुजलेले. मला बघून त्यानं टीव्ही बंद केला.

"या वैनी. कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं."

"मग कशापायी आलाय? येत न्हाय कधी."

त्याच्या लेकीनं चहा आणला, मी तिला म्हटलं जरा आत जा. ती गेली, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलले म्हणजे सगळ्या गल्लीनंच ऐकलं असणार. "भावजी, आमची पोरगी. माळावर करवंदीच्या कुठल्या जाळीपाशी?"

तो भिंतीकडं बघायला लागला. "आता काय त्येचं."

"पोरगा जेसीबी लावतोय."

"कुठं? माळावर?" त्याच्या तोंडावर एकदम हलकं वाटल्यासारखं दिसलं. "मग लावू दे की."

"असं कसं लावू दे?"

शटरवर चेंडू बसला. त्याला तो ऐकू आला नाही, पण खाट हादरली असावी, कारण त्यानं मान वळवली. मग म्हणाला, "वैनी, ती तिथं न्हाय."

तो आपणच बोलत राहिला. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बाहेर येतं तेव्हा माणूस थांबत नाही.

"पाऊस तुम्ही बघितला न्हाईसा, तुम्ही आत होता. माळावर गेलतो आम्ही. दादानं कुदळ मारली की टण् करून वर यायची. खाली सगळा कातळ. जिथं जरा खड्डा झाला तिथं पाणी भराय लागलं. मी म्हटलं, दगड रचून ठिवूया. दादा म्हणाला, कोल्हं सकाळपर्यंत ठिवत न्हाय. मीठ सगळं भिजून गेलं. मग दादा म्हणाला, चल माघारी."

"माघारी? घरला?"

"घरला न्हाय. गोठ्याच्या मागं. शेवग्याच्या बुडाला माती मऊ हुती, खोल खड्डा झाला. चांगला खोल, वैनी, माझ्या कमरेएवढा. पर न्हेलेलं माघारी आणलं म्हटल्यावर आईनं घर डोक्यावर घेटलं असतं. म्हणून दादा म्हणाला, करवंदीपाशी म्हणून सांगायचं. मला शपथ घाटलीती. तुम्हाला कळलं तर तुम्ही दिसभर झाडाखालीच बसणार, म्हणाला. गुरं कोण बघणार."

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं काढली आणि चहा प्याले. थंड झाला होता.

"दादा मरूस्तोवर त्या झाडाची शेंग खायचा न्हाय," दीर म्हणाला.

"ठावं हाय."

मी खात होते. मुलगा खात होता. सासूला तर त्या शेंगांची आमटी फार आवडायची. चांगल्या मांसल शेंगा यायच्या.

"हाय का अजून झाड?"

"न्हाय. तोडलं."

"मग काय हाय तिथं?"

"खोल्या," मी म्हटलं. टाकी म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला सांगून काय करायचं.

तो मान हलवत राहिला. "बरं झालं. माणसांची जाग हाय म्हणजे. एकटी न्हाय."

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. पंचगंगेचा पूल गेला, उसाच्या गाड्या गेल्या, घाट सुरू झाला. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस रडतो. मी हिशेब लावत होते. माळ वाचवायचा म्हणून टाकी गोठ्यामागं कोणी न्यायला लावली, मी. शेवगा तोडायला कोणी सांगितलं, मी. जेसीबीनं तो खड्डा खोदला तेव्हा चालकासाठी चहा घेऊन मीच तिथं उभी होते. काळी माती निघत होती. मला वाटलं उकिरड्याचं खत मुरलंय. ती माती मुलानं दारातल्या कुंड्यांत घातली.

टाकी काढा म्हणावं तर खोल्या बंद पडतात. खोल्यांवर घर चालतं. आणि आता काढून मिळणार काय. एवढं मला घाट संपेपर्यंत पक्कं कळलं होतं.

राहिला माळ. माळावर माझं कोणी नव्हतं. मुलाला खरं सांगितलं असतं तर त्याचा अडथळा गेला असता. जावेची दोन, आणि आणखी कोणाकोणाची, ज्यांना नेणारे कधीच मेले, ती सगळी सोमवारी दुपारपर्यंत दगडांसकट कड्यावरून खाली गेली असती. आणि मुलाला आपली संडासाची टाकी कशावर आहे ते कळलं असतं. त्यानंतर तो त्या अंगणात कसा वावरणार.

मी एसटीतून उतरले तेव्हा तो फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबला होता. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नव्हता, पण थांबला होता.

"काय म्हणाला काका? कुठला दगड?"

"त्येला आठवत न्हाय."

"अजिबात न्हाय?"

"माळावरच ठिवली, एवढं म्हणतोय. पाऊस हुता, काय दिसत नव्हतं. कुठला बी असंल."

त्यानं गाडीची किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली. "आई, मग मी आता काय करू?"

"मला काय इचारतोस. तुझी भैन कुठल्या दगडाखाली न्हाय ते तू ठरीव, आनि तिथनं सुरू कर."

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेली नाही. गरज पडली नाही. ते खोटं मी त्याच्या तोंडाकडं बघत बोलले आणि त्यानं ते घेतलं. अंगणात गाडी लावून त्यानं जेसीबीवाल्याला फोन केला. "ऱ्हाऊ दे. न्हाय, नंतर बी न्हाय." मग आत जाऊन बायकोवर कशावरून तरी ओरडला.

आता माळाला सगळीकडून तार आहे. आत पाहुण्यांना सोडत नाहीत. मुलगा त्यांना कड्यावर नेतो, तिथंच सूर्य दाखवतो. पल्याडच्या वस्तीतले तंबू भरलेले असतात, आमच्या खोल्या रिकाम्या राहतात आणि त्याबद्दल तो मला अधूनमधून ऐकवतो. मी ऐकून घेते. जावेनं विचारलं, "सापडली व्हय तुझी?" मी म्हटलं, "न्हाय." ती म्हणाली, "मग बरं. माझ्यासारखीच झालीस." आणि पहिल्यांदाच तिनं मला तिच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढायला सांगितली.

हे मी लिहून ठेवलं आहे म्हणजे कधीतरी मुलाच्या हातात पडणार. पडू दे. तोवर करवंदी माळभर पसरलेली असेल आणि तार ओलांडून आत जायला कोणाला जमणार नाही.

पावसाळा संपला की टाकी भरते. मग खालून मैल्याचा टँकर येतो, चालक झाकण उघडतो आणि जाड पाइप आत सोडतो. मुलगा वासानं लांब जातो, पाहुणे असतील तर सून त्यांना फुलं दाखवायला घेऊन जाते. मी गोठ्याच्या भिंतीला धरून उभी असते.

"म्हातारे, लांब हो की," चालक म्हणतो. "किती घाण वास मारतोय."

"तू तुझं काम कर," मी म्हणते, आणि पाइप बाहेर निघून झाकण परत बसेपर्यंत तिथून हलत नाही.